मागचा आड

१

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. पाणी म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला नको. तरीही घरातलं पिण्याचं पाणी मी भरत नाही, बायको भरते. मी ऐदी आहे असा तिचा लग्नापासूनचा समज आहे आणि तो काही अगदीच खोटा नाही. या गोष्टीची सुरुवातच माझ्या आळसात आहे.

साल त्रेचाळीस, डिसेंबर. मी सांगलीत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. घर मोंबासाला. वडील तिथं रेल्वेत कारकून, जन्मही माझा तिथलाच, तेव्हा सगळे ज्याला माझा मुलूख म्हणत तो मला परदेशच होता. लढाईमुळे घरी जायला बोट मिळेना. नाताळची सुट्टी लागली तशी वसतिगृहातली पोरं ट्रंका उचलून पळाली. जो तो "तू कुठं जाणार रे?" असं विचारायचा आणि उत्तर ऐकायच्या आत टांग्यात बसायचा. खानावळवाल्यानं चूल विझवली. तीन दिवस मी शेंगा आणि केळी खाऊन काढले, आणि मग वडिलांच्या एका चुलतभावाला कार्ड टाकलं.

तो चुलतभाऊ, जिनपालअण्णा, स्वतःच गाडी जुंपून दारात हजर झाला. "अरं नेमगोंडा, घर आसताना हितं उंदरावानी शेंगा काय कुरतडत बसलाईस? उचल तुजं गाठोडं."

गाव तासगावच्या रस्त्याला, सांगलीपासून सहा मैल. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. साधं कौलारू घर, पुढं अंगण, मागं परसू. उसाचे दिवस होते, मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं आणि अण्णा दिवसभर तिकडंच असे. घरात त्रिशलाकाकी आणि वरकामाला रंगूबाई, एवढीच माणसं.

काकीला पाहून मला धक्काच बसला. पन्नाशीची बाई, पण हाताच्या काड्या झालेल्या, गाल आत गेलेले. अण्णानं मला पडवीत घेऊन सांगितलं. एकुलता एक मुलगा जयपाल अडतीस साली शिकायला विलायतेला गेला. मँचेस्टर. आधी महिन्याला पत्र यायचं, मग लढाई लागली, मग दोन-चार महिन्यांनी, आणि आता सोळा महिने झाले, एक ओळ नाही. काकीनं नेम धरला होता. पोराची बातमी येईपर्यंत एकाशन. दिवसातून एकदा बसायचं, तेव्हाच जेवायचं, तेव्हाच पाणी प्यायचं. त्या पाटावरून उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही.

"वैद्य म्हणला, ह्यो हिवाळा निगत न्हाई," अण्णा म्हणाला. "आता बातमी तरी याला पायजे, न्हाईतर ही तरी जायाची."

२

काकीचं ते एका वेळचं पाणी कुणाच्याही हातचं चालत नसे. जैनाचं माणूस हवं, अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसलेलं हवं. अण्णाचे गुडघे धरलेले. काकीत घागर ओढायची ताकद उरली नव्हती. म्हणजे मी. फुकटचं जेवत होतो, नाही म्हणायला तोंड नव्हतं.

पहिल्या दिवशी काकीनं पायरीवर बसून सगळं शिकवलं. अंगणातल्या आडाचं पाणी काढायचं. तांब्याच्या हंड्यावर दुहेरी फडकं ताणून गाळायचं. मग ते गाळणं उलटं करायचं आणि गाळलेल्याच पाण्यानं छोट्या कळशीत खळबळायचं. फडक्यावर जे बारीक जीव अडकलेले असतात ते त्या पाण्यात उतरतात. त्याला जिवाणी म्हणतात. ही जिवाणी परत आडात सोडायची.

"वरनं वतायची न्हाई हां लेकरा. येवढ्या उंचावनं पडली तर मरत्यात बिचारी." त्या कळशीच्या बुडालाही एक कडी होती आणि तिला दुसरा बारीक दोर. कळशी पाण्याला टेकली की तो दोर ओढून ती हळूच कलंडवायची. "आणि ज्या पाण्यातनं काडली त्याच पाण्यात. दुसऱ्या पाण्यात ती जगत न्हाईत."

मी मोंबासाला घरात हे पाहिलेलं नव्हतं असं नाही. आईसुद्धा गाळायची. पण तिथं नळ. उलटं फडकं ती मोरीत झटकायची आणि हात जोडायची.

अंगणातला आड चाळीस हात खोल. सकाळच्या थंडीत ओलं धोतर पायाला चिकटलेलं, दोर बर्फासारखा, आणि दोन दोरांवर ती कळशी इंचाइंचानं खाली न्यायची. मध्येच दोरांना पीळ पडला की पुन्हा वर. तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी बोटं वळेनात.

परसात आणखी एक आड होता. अरुंद, कठडा गुडघ्याएवढा, पाणी आठ हातांवर. कुणी वापरत नसे. "मचूळ हाय," एवढंच अण्णा म्हणाला होता. त्याला रहाट नव्हता, दोर नव्हता.

आता माझं डोकं बघा. कॉलेजात नुकतंच सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचा थेंब पाहिला होता. जमिनीखालचं पाणी सगळं एकच, त्यातले जीव तेच, मग इथं सोडले काय नि तिथं सोडले काय! मी स्वयंपाकघराला वळसा घालून मागं गेलो, इकडंतिकडं पाहिलं आणि कळशी उपडी केली. चुबुक असा आवाज आला, बस्स. अर्ध्या मिनिटाचं काम.

काकी पाटावर वाट पाहत होती. "सोडलीस?"

"सोडली."

"हळू?"

"हळू."

तिनं हात जोडले आणि तांब्या तोंडाला लावला. दिवसभरातलं तिचं तेवढंच पाणी. मला लाज वाटली, पण फार वेळ नाही. दुसऱ्या दिवशी मी तेच केलं, तिसऱ्याही दिवशी.

३

त्या तिसऱ्या दिवसाची दुपार. रंगूबाई भाकरी घेऊन मळ्यात गेलेली, काकी माजघरात डोळे मिटून पडलेली. मी स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीशी पुस्तक घेऊन बसलो होतो. ऊन छान पडलं होतं. बाहेर पाणी गाळल्याचा आवाज आला.

हा आवाज आता माझ्या चांगला ओळखीचा झाला होता. फडक्यावर पाणी पडतं तेव्हा आधी दबका आवाज येतो, मग हंड्यात बारीक सर पडल्यासारखा, आणि शेवटी फडकं जड झालं की थेंब, एकेक. मला वाटलं रंगूबाई परत आली. मी उठून मागं गेलो.

कुणी नव्हतं. पण मागच्या आडाचा कठडा ओला होता आणि कठड्यावर एक फडकं पसरलेलं होतं, दुहेरी घडीचं, पांढरं. त्याच्या टोकातून पाणी ठिबकत होतं. मी हात लावला तर थंडगार. धुतलेलं होतं, आणि उलटं करून धुतलेलं होतं. शिवण वर आलेली दिसत होती.

काकी उठली असेल, मीच मला सांगितलं. मी चोरपावलांनी माजघरात गेलो. ती तशीच पडली होती. तिच्या हातांना बोट लावून पाहिलं. कोरडे ठणठणीत.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपत होती तेव्हा रंगूबाईला हळूच विचारलं. ती माझ्याकडं बघतच राहिली. "मी? त्या आडाचं पाणी? आवं, ना रहाट ना दोर. काडू कशानं, पदरानं?" आणि हसत भांडी घेऊन गेली.

मी पुन्हा मागं जाऊन पाहिलं. फडकं नव्हतं. वाऱ्यानं उडालं असेल म्हणावं, तर दिवसभर पान हललं नव्हतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात गाळायला बसलो. एक घागर ओतली. थांबलो. घराच्या मागून तसाच आवाज आला, एक घागर ओतल्याचा.

प्रतिध्वनी असणार, दुसरं काय. मी हंड्यावर बोटांनी टकटक केली. मागून काही नाही. टाळी वाजवली. काही नाही. मग अर्धाच तांब्या ओतला आणि कान दिला. मागं अर्धाच तांब्या पडला. मी फडकं पिळलं. मागं कुणीतरी पिळलं, जरा उशिरा, आणि माझ्यापेक्षा जास्त वेळ. मोठं फडकं दोन्ही हातांनी पिळल्यावर शेवटी जी बारीक धार पडते ती मला साफ ऐकू आली.

तरी डोकं ठिकाणावर होतं. प्रतिध्वनी फक्त पाण्याचाच येतो आणि टाळीचा येत नाही, याला रसायनशास्त्रात काय, कशातच उत्तर नव्हतं. मी धडपडत जिवाणीची कळशी घेतली आणि त्या दिवशी शहाण्यासारखा अंगणातल्याच आडात चाळीस हात सोडली. काकी दारातून कौतुकानं पाहत होती.

दुपारी मी मुद्दाम मागच्या खिडकीशी बसलो नाही, पडवीत बसलो. तरी आलाच आवाज. गाळल्याचा नव्हता. पाण्यावर कुणी तळवा आपटतं तसा. चपक. थोडं थांबून पुन्हा चपक. आपल्या वाट्याचं यायचं राहिलं की माणूस ताटाशी बसून बोटं वाजवतं ना, तसा. तासभर तो थांबला नाही. काकीनं कूस बदलली, डोळे न उघडताच म्हणाली, "कोण रं कपडं धुतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिवाणी मागच्या आडात सोडली. खरं सांगतो, भ्यालो म्हणून सोडली. उपडी करताना खाली बघायचं नाही असं ठरवलं होतं. या वेळी चुबुक असा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. पाणी पाण्यावर पडलंच नसावं.

५

त्याच दिवशी काकीनं ते फडकं पाहिलं. दुपारी कधी नव्हे ती भिंतीला धरून परसात गेली, शेवग्याच्या शेंगा बघायला. मी मागोमाग धावलो तोवर ती कठड्याशी पोचली होती. फडकं तिच्या हातात होतं आणि ती त्याची किनार बोटांनी चाचपत होती. तांबड्या दोऱ्याची, ओबडधोबड टाक्यांची किनार. माझ्या ती लक्षातही आली नव्हती.

"ह्ये माज्या जयपालचं गाळणं," ती म्हणाली.

"काकी, अशी फडकी सगळीकडं..."

"मी शिवलंय. दिवा गेला हुता म्हणून टाकं वाकडं पडल्यात, ह्ये बग. बोटीवर जाताना त्येच्या ट्रंकंत मीच घातलं. म्हणलं, परमुलखात जातुईस, काय बी खा नगं, पाणी गाळल्याबगार पिऊ नगंस." तिनं फडकं नाकाशी नेलं, डोळ्यांना लावलं. मग माझ्याकडं वळली. "जिवाणी कुटं सोडतुईस तू?"

मी सगळं ओकलो. थंडी, दोर, आळस, सगळं. आता ही मला घराबाहेर काढणार, असंच मला वाटत होतं, आणि काढलं असतं तर फार बरं झालं असतं. मुंगी दिसली तर पाऊल उचलून थांबणारी बाई ती. तिच्या व्रताचं पाणी मी बाटवलं होतं.

ती कठड्यावर वाकली. आडात बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे पोचलं त्याला."

"काय पोचलं?"

"बातमी आली बग," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. घरात जाऊन तिनं रंगूबाईला हाक मारली. "रंगू, तवा टाक गं. भूक लागलीया."

अण्णा मळ्यातून आला तेव्हा ती चुलीपुढं बसून भाकरी-दूध खात होती, दुसऱ्यांदा. म्हातारा दारातच खाली बसला आणि फेटा तोंडाला लावून रडला. बातमी कुठून आली हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

६

आठ दिवसांत काकी ओळखू येईना. गाल भरले, आवाजात धार आली. पाणी आता ती स्वतः काढायची. अंगणातल्या आडाचं काढायची, गाळायची, आणि जिवाणीची कळशी कमरेवर घेऊन मागं जायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा. मागं गेली की तास-तास यायची नाही.

मी खिडकीतून पाहायचो. कठड्यावर टेकून ती बोलत असायची. तांबडी गाय व्याली, रंगूच्या सुनेला पोरगी झाली, यंदा गूळ काळा पडतोय, असलं साधंच. बोलायची, थांबायची, मान हलवायची, हसायची. तिचं थांबणं मला सगळ्यांत वाईट वाटायचं. समोरचं माणूस जेवढं बोलेल तेवढाच वेळ ती थांबायची. कधी एका शब्दापुरती, कधी चांगली दोन-चार मिनिटं.

आणि आडाचं पाणी चढत होतं. भर हिवाळ्यात, पाऊस नाही, पाट नाही. आठ हातांचं सहावर आलं, मग चारवर. मी काठीला खुणा करून मोजलं, म्हणून सांगतो.

शेवटी मी गुऱ्हाळावर गेलो. अण्णा काहिलीवरची मळी काढत होता. त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी स्वतः एकदा बघा, अण्णा."

"बगितलं की. परवाच जाऊन आलो. आड हाय, पाणी हाय. बायकू पाण्यासंगं बोलतीया. मी न्हाई बैलासंगं बोलत?"

"पण पाणी चढतंय."

"चडू दे."

"अण्णा, ते फडकं..."

त्यानं झारा खाली ठेवला. "नेमगोंडा, ती खातीया का न्हाई? पितीया का न्हाई? म्हैन्याआदी मी तिच्या लाकडाची जुळणी करत हुतो. तवा तू कुटं हुतास? आता गप ऱ्हा लेका, हात जोडतो तुला."

त्याचे हात खरंच जोडलेले होते, काकवीनं चिकट झालेले. मी परत आलो.

७

कॉलेज उघडायला चार दिवस होते. दुपारचे दोन वाजले असतील, पोस्टमन आला आणि त्यानं माझ्या हातात पाकीट दिलं. विलायती तिकीट, लढाईतल्या सेन्सॉरनं कड उघडून पुन्हा चिकटवलेली. पत्ता मराठीत आणि इंग्रजीत, ठसठशीत अक्षरात. पाठवणारा, जयपाल जिनपाल पाटील.

मी तिथंच फोडलं. तारीख सप्टेंबरची. तो धडधाकट होता. लढाईच्या कारखान्यात कामाला घेतलं होतं, राहण्याची जागा दोनदा बदलली, चार पत्रं टाकली, बहुतेक बोटींबरोबर बुडाली. एका पत्राला तरी उत्तर टाका, आईचं कसं आहे ते कळवा. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग पुढचं वाचलं. 'आईला म्हणावं रागावू नकोस. इथं नळाचं पाणी. तू दिलेलं गाळणं पहिल्याच हिवाळ्यात फाटलं, नंतर मी ते सायकल पुसायला घेतलं नि मग टाकून दिलं.'

मी मागं धावलो.

काकी कठड्यावर बसली होती, पाय आतल्या बाजूला सोडून. पाणी चढून इतकं वर आलं होतं की ते तिच्या पावलांना लागत असावं. हातात रिकामी कळशी होती आणि ती काहीतरी सांगत होती, गालातल्या गालात हसत.

"काकी! जयपालदादाचं पत्र आलंय! तो मँचेस्टरात आहे, बरा आहे!"

तिनं नुसती मान वळवली. "कुणाचं?"

"जयपालदादाचं! ऐका तरी."

मी उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला लागलो. आधी आडातून थेंब पडल्याचा आवाज येत होता. मी दोन ओळी वाचल्या आणि तो थांबला. कुणीतरी ऐकायला लागलं होतं. मी थांबलो नाही. गाळणं फाटलं, सायकल पुसली, टाकून दिलं, सगळं वाचलं. तिनं ऐकावं म्हणून वाचलं की खालच्यानं ऐकावं म्हणून, आज सांगता येणार नाही.

वाचून झालं. काकी माझ्याकडं अशी बघत होती, की जणू मी कुणा भलत्याचंच पत्र चुकून त्यांच्या घरी घेऊन आलोय. "आसंल बाबा कुणाचं," ती म्हणाली. "ज्येचं आसंल त्येला दिऊन ये. माजा लेक हितं हाय."

आणि तिनं कळशी खाली धरली.

लख्ख ऊन होतं, आडावर कसलीच सावली नव्हती. पाण्यातून दोन हात वर आले आणि त्यांनी ती कळशी तिच्या हातातून घेतली. ओढली नाही, हिसकावली नाही. घरातलं माणूस घेतं तशी बुडाला तळवा लावून घेतली. बोटांची कातडी सुरकुतून पांढरी झाली होती, फार वेळ पाण्यात राहिल्यावर होते तशी. कळशी पाण्यात गेली. मग त्यातला एक हात पुन्हा वर आला आणि काकीच्या मनगटाभोवती बसला. त्यानं ते मनगट सावकाश उलटं केलं, तळवा वर येईस्तोवर, आणि दुसऱ्या हातानं त्यावर पाणी घातलं. गाळणं उलटं करून धुतात, अगदी तसं. पुन्हा पुन्हा. काकी डोळे मिटून बसली होती. तिच्या तोंडावर जे सुख होतं ते मी माझ्या आईच्या तोंडावरसुद्धा कधी पाहिलेलं नाही.

तिनं पदर पुढं ओढला आणि मला त्यापुढचं दिसलं नाही. बघायला मी थांबलोही नाही.

पत्र अण्णाला नेऊन दिलं. त्यानं दोनदा वाचलं, छातीशी धरलं, आणि काकीला दाखवायला म्हणून लंगडत, घाईघाईनं घरी गेला. तो परसातून परत कधी आला ते मला कळलं नाही. पडवीत येऊन बसला तेव्हा पत्र घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं होतं. मला सांगलीला पोचवताना एवढंच म्हणाला, "जयपाल आला की समदं ठीक हुईल. लेकराला बगितल्यावर आई कुटं जाती?"

८

लढाई संपली. सेहेचाळीसच्या मार्चमध्ये जयपाल आला. मी तेव्हा अजून कॉलेजातच, शेवटच्या वर्षाला होतो. अण्णानं निरोप धाडला, म्हणून मिरजेला स्टेशनवर गेलो. अण्णानं मला का बोलावलं ते मला पुरतं ठाऊक होतं आणि त्यालाही.

जयपाल उमदा माणूस होता. कपाळ मोठं झालेलं, डोळ्याला चष्मा, पण अण्णाचंच नाक, काकीचेच ओठ. सबंध रस्ता गाडीत तो आईबद्दल विचारत होता. आठ वर्षं! ती रागावलीय का, म्हणून पत्रं लिहून घेत नाही का? तिच्यासाठी लोकरीची शाल आणलीय, ती अंगावर घेईल का? लोकर चालते ना? अण्णा बैलांकडं बघत "व्हय, व्हय" करत होता. मी पेटीचा पट्टा उगाच आवळत होतो.

दारात सगळा गाव जमला होता. रंगूबाई ओवाळायचं तबक घेऊन उभी. काकी आतून आली. चांगली ठणठणीत, केस काळे, चेहऱ्यावर तुकतुकी. माणसं बाजूला झाली. जयपालनं हॅट काढली, "आई" म्हणाला. वाकून त्यानं तिचे पाय धरले.

काकी चटकन दोन पावलं मागं सरली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "आवं आवं, पाया कशापायी पडतासा?" मग अण्णाकडं वळून म्हणाली, "पाव्हण्यास्नी घोंगडं टाका की बसाया."

कुणी हललं नाही. तिनं पुन्हा जयपालच्या तोंडाकडं पाहिलं, अगदी मायेनं, दमून आलेल्या कुठल्याही परक्या पोराकडं चांगली बाई पाहते तसं.

"लय लांबनं आलासा वाटतं," ती म्हणाली. "आता हितं जास्त वेळ थांबू नगासा. घरी तुमची आई वाट बगत आसंल."